सूनबाईची सीएचबी

देवीपुढं दिवा लावून वही उघडली, पण आज लिहायला हात धजत नाही. तरी लिहिते. माझ्या सुनेबद्दल आहे.

रेश्मा कराडच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. तिचा नवरा, आमचा शंभूराज, लष्करात, पठाणकोटला. ती रोज सकाळी उंब्रजहून एसटीनं जाते. खेड्यातनं मराठीत शिकून आलेली पोरं तिच्या वर्गात. एक पोरगं चार महिने तोंडच उघडत नव्हतं, ते परवा स्टँडवर इंग्रजीत फोनवर बोलत होतं म्हणून घरी येऊन नाचली होती.

श्रावणात पुण्याच्या एका कंपनीनं तिला काम देऊ केलं. परदेशातल्या मुलांना इंग्रजी बोलायला शिकवायचं, घरी माडीवर बसून, कॉम्प्युटरवर. महिन्याच्या महिन्याला पगार. मीच मोडता घातला. म्हटलं, "कॉलेज सोडून घरात बडबडत बसणार? लोक मला प्राध्यापिकेची सासू म्हणत्यात. घरबसल्या बाईची न्हाई."

ती म्हणाली, "बरं आई." तेवढंच.

नवरात्रात मंडळानं तिला हळदीकुंकवाला प्रमुख पाहुणी केलं. फ्लेक्सवर काय लिहायचं म्हणून पोरं विचारायला आली. मी तिच्या कपाटातनं कॉलेजचं पत्र काढलं. नावापुढं सहायक प्राध्यापक आणि पुढं तीन इंग्रजी अक्षरं. मला वाटलं, ही नवी पदवी दिसतीय, पोरीनं सांगितलं पण नाही! दिलं लिहून. देवळापुढं दहा फुटी फ्लेक्स लागला : प्रा. सौ. रेश्मा, एम.ए., सेट, सीएचबी.

संध्याकाळी आरतीला गेले, तर निवृत्त नाथाजी गुरुजी हसत म्हणाले, "वहिनी, ही सीएचबी कुठल्या विद्यापीठाची ओ? आमच्या वेळी नव्हती."

शेजारची शालूबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "गुरुजी, तुमी कशाला इचारताय? लय मोठी डिग्री असंल ती!"

सगळे हसले. मीही हसले, न कळता.

घरी आल्यावर रेश्माला विचारलं. ती पीठ मळत होती. म्हणाली, "आई, ती पदवी न्हाई. क्लॉक अवर बेसिस. तासावर काम. जेवढे तास शिकवीन तेवढेच पैसे. सुट्टीत काही न्हाई. दर जूनला नव्यानं मुलाखत."

"आणि पर्मनंट?"

"जाहिरात निघाली तर. सहा वर्षं वाट बघतीय."

माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हंजी शेतात भांगलणीला जाणाऱ्या बायकांगत रोजावर?"

तिचा हात थांबला. "त्यांना आठवड्याला तरी मिळतं, आई. माझं मार्चचं अजून यायचंय."

मग कळलं, श्रावणात तिला ते पगाराचं काम का हवं होतं. आणि मी तिला काय घालवायला लावलं ते. गावात मिरवायला मला 'प्रा.' हवं होतं. तिचं त्यात काय चाललंय, ती लग्न होऊन आल्यापासून तीन वर्षांत एकदा विचारलं नाही.

फ्लेक्स काढायला सांगते म्हटलं, तर म्हणाली, "राहू दे. आता काढला तर आणखी हसतील." काल तशीच त्याखाली उभी राहून अर्धा तास बोलली. पोरींना म्हणाली, "इंग्रजी चुकलं तर चुकू द्या, पण बोला." मी मान वर केली नाही.

आज सकाळी ती चप्पल घालत होती, तेव्हा म्हटलं, "रेश्मा, त्या पुण्याच्या लोकांना फोन कर. माझी ना न्हाई."

"ती जागा भरली, आई. गणपतीतच."

चुकलं माझं, एवढंच म्हणायचं होतं. दाराला धरून उभी होते, शब्द ओठावर होता. म्हणाले काय, तर, "डब्यात भेंडी दिली तर चालंल का?"

"चालेल की," म्हणाली, आणि एसटी गाठायला पळाली.