तळ्यातला पाठमोरा बसवण्णा

देवाला हात जोडते मी, पण अंगात येणं, दृष्टांत वगैरे कुणी सांगू लागलं की सरळ चहा टाकायला उठते. मानसशास्त्र शिकवणाऱ्या बाईनं असलं काही लिहावं म्हणजे कमालच... तरी लिहिते.

धारवाडच्या एका कॉलेजात मी मुलांचे सँडप्ले ग्रुप घेते. वाळूचा ट्रे असतो, तळ निळा. वाळू सारली की पाणी दिसतं. पाळीपाळीनं एकेक वस्तू मांडायची — बोलायचं नाही, दुसऱ्याचं हलवायचं नाही. पडलं तरी पुन्हा उभं राहायचं बळ येतं मुलांना यानं. हसू नका, खरंच येतं.

त्या दुपारी अळणावरकडची अश्विनी ग्रुपमध्ये होती. तिचे अप्पा न सांगता घरातून निघून गेले होते, शोधून सगळे थकले होते. हे तिनं फक्त मला सांगितलं होतं. कॉलेज सोडायचं तिनं ठरवूनच टाकलं होतं.

एकीनं वाळू सारून तळं केलं. दुसरीनं काठावर देऊळ ठेवलं. मग हुबळीच्या किरणनं मातीचा बैल उचलला — मण्णेत्तिन अमावास्येला पूजतात तसला, मीच दुर्गदबैलच्या बाजारातून आणलेला — आणि तळ्यात ठेवून मानेपर्यंत वाळूत पुरला. देवळाकडे पाठ करून! बसवण्णा, म्हणजे आपला नंदी, देवाकडं तोंड करून बसतो, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. तो फिरवायला माझे हात शिवशिवले, पण नियम माझाच.

अश्विनीची पाळी आली आणि ती बैलाकडं बोट करून ओरडलीच.

"मॅडम, हे आमच्या अप्पांचं आजोळ! तिथला बसवण्णा असाच बुडालाय, पाठ करून... ह्यांना कुणी सांगितलं?"

"नाही अक्का," किरण रडकुंडीला आला होता, "हात आपोआप गेला बघ."

कलघटगीकडच्या त्या खेड्यात त्यांचं आता कुणी उरलेलं नव्हतं, म्हणून तिथं कुणी शोधलंच नव्हतं. अश्विनीनं तिथूनच काकांना फोन लावला. अंधार पडायच्या आत अप्पा सापडले — तळ्याकाठी, जिवंत. मी स्टाफरूममध्ये जाऊन ढसाढसा रडले.

तळं आणि देऊळ कुठल्या गावात नसतं? योगायोग म्हणून सोडूनही दिलं असतं मी... पण पुढं अप्पा लेकीबरोबर मला भेटायला आले. त्या दुपारी ते पाण्यात उतरायलाच गेले होते. मग थांबलात कसे, मी विचारलं.

"कोण नव्हतं की ओ तिथं. पण चार पोरं भवतीनं गप बसल्यागत वाटलं, मॅडम. त्यांच्यासमोर कसं उतरू?"

ट्रेभोवती त्या दिवशी चौघंच होती. याचा उलगडा मला आजही झालेला नाही.