हळदीच्या वड्यांचं उरलेलं तेल

पनवेलजवळच्या विचुंब्यात लग्नाची हळद कुणाच्याही घरची असो, तांदळाचे वडे तळायला बोलावणं शकूलाच. आपल्या हाताची सर पंचक्रोशीत कुणाला नाही, असं ती स्वतःच सांगायची, त्यामुळे इतरांचे सांगायचे कष्ट वाचायचे. वडे झाले की कढईत उरलेलं तेल तळणारीचं, हा तिथला रिवाज. तो मान शकू डब्यात भरून घरी आणायची, फडक्यानं गाळायची आणि त्यातच मासळी तळायची, भाजी फोडणीला टाकायची. काळं पडलं की वरून थोडं नवं ओतायचं. घरात आलेली लक्ष्मी टाकायची नसते, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

२०१२च्या उन्हाळ्यात तिचा नवरा महादेव अंगणातच छाती धरून खाली बसला. पनवेलच्या दवाखान्यात त्याच्या हृदयात दोन स्प्रिंगा बसवल्या. महिन्याभरानं तपासणीला गेले, तेव्हा डॉक्टरांनी शकूलाही समोर बसवलं.

"शेंगदाण्याचं घ्या, करडईचं घ्या, पण तेल बेतानं. आणि तळणाचं तेल परत परत तापवू नका, रक्तवाहिन्यांना फार वाईट. तुम्ही कुठलं वापरता?"

"सूर्यफुलाचं. पिशवीतलं, कोरं," शकू बोलून गेली.

महादेवनं तिच्याकडे पाहिलंही नाही. "डाक्टर, तिचा काय दोस नाय. मीच रोज ष्टँडवर भजी खायाचो."

बाहेर बाकावर बसताना शकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या माणसानं बाहेरच्या भज्याला कधी तोंड लावलं नव्हतं. त्याला फक्त आपल्याच हातचं लागतं, याचाच तर तिला केवढा तोरा!

"तुमी खोटं का बोललाव?"

"डाक्टरसमोर तुजी मान खाली कशाला?" तो म्हणाला. "ते तेल मला ठाव हाय. वासच यायचा. पन तू येवढ्या हौसेनं वाढायचीस, नाय कसा म्हनू?"

त्यापेक्षा तो चारचौघांत ओरडला असता तर तिला सोसलं असतं. ती उठली आणि न विचारताच दार ढकलून आत गेली.

"डाक्टर, यांनी भजी कदी खाल्ली नाय. हळदीचं तळलेलं तेल मीच घालायची."

"किती वर्षं?"

शकूला वर्षं सांगता येईनात. ती हळदी मोजू लागली. दोन्ही हातांची बोटं संपली, तरी विचुंब्यातलीच लग्नं संपली नव्हती.