बारा किलोंची पळी

रूपर्ट हाइंड्लने ऑस्ट्रियातल्या लिंट्स शहरातल्या पोलाद कारखान्यात एकतीस वर्षं भट्टीवर नमुना काढला. काम सांगायला सोपं होतं. तीन मीटर दांड्याची लोखंडी पळी वितळलेल्या पोलादात घालायची, भरून बाहेर काढायची आणि साच्यात ओतायची. तो गोळा प्रयोगशाळेत जायचा आणि तिथून निरोप आला की भट्टी ओतायची. पळी अर्धवट भरली तर नमुना पोकळ निघायचा, आणि एका माणसाच्या चुकीपायी अख्खी भट्टी खोळंबायची. पुढे हे काम यंत्राची नळी करू लागली. पळ्या भंगारात गेल्या. त्यानंतर सहा वर्षांनी, साठाव्या वर्षी, रूपर्ट निवृत्त झाला.

तो एकोणसत्तर वर्षांचा असताना नदीकाठच्या केंद्रातून फोन आला. तिथे कलाकार आणि इंजिनियर एकत्र बसून वस्तू घडवतात. कारखान्यातली मंडळी दर सप्टेंबरात बायकापोरांना घेऊन तिथे जात, यंत्राच्या हातात हात देत आणि बाहेर आल्यावर एकमेकांना विचारत, "पण हे नेमकं होतं काय?"

फोन कोर्नेलियाचा होता. ती चाळिशीची, ग्रात्सहून आलेली कलाकार. शहरातून नाहीशी झालेली हातांची कामं तिला जपून ठेवायची होती. कामगाराच्या अंगावर चमकणारे मणी चिकटवायचे, बारा कॅमेऱ्यांनी त्याची हालचाल टिपायची आणि मग भिंतीवर प्रकाशाच्या ठिपक्यांचा पुरुषभर माणूस तेच काम करत राहील. बघणाऱ्यांनी समोर उभं राहून त्याच्याबरोबर ते करायचं.

मार्चमध्ये रूपर्ट जाऊन आला. लोखंडाची चमक कॅमेऱ्यांना फसवते म्हणून त्याच्या हातात प्लास्टिकची नळी दिली होती. सांगितलं तसं त्याने केलं आणि दुपारी जेवायला घरी आला.

ऑगस्टअखेर त्याला बघायला बोलावलं. बायको हेर्मिनेही बरोबर आली. भिंतीवर पाटी लागलेली होती: रूपर्ट हाइंड्ल, भट्टी कामगार. शेजारी ठिपक्यांचा माणूस पळी घालत होता, काढत होता. रूपर्टने ते पाच वेळा पाहिलं.

"हा सूप ढवळतोय," तो म्हणाला.

"हाइंड्लसाहेब, ही तुमचीच हालचाल आहे," कोर्नेलिया म्हणाली. "मिलिमीटरपर्यंत."

"मिलिमीटर बरोबर आहेत, डॉक्टरीणबाई. माणूस खोटा आहे." शिकलेल्या कोणालाही तो डॉक्टरच म्हणायचा.

"मी डॉक्टर नाहीये."

"व्हाल. हे बघा, पोलाद पळीला आत घेत नाही, वर ढकलतं. अंग टाकून दाबावी लागते. भरली की बाहेर येताना सगळं वजन एकदम हातावर. तेव्हा डावी टाच जमिनीत रुतवायची. नाही रुतवली तर तुम्ही पळीमागून भट्टीत. आता याची टाच बघा. झोपलीय."

कोर्नेलियाने पाहिलं. टाच खरंच झोपली होती.

"उद्घाटनाला बाराच दिवस आहेत," ती म्हणाली.

"मग माझं नाव काढा."

"नाव काढा?" हेर्मिने म्हणाली. "मी अख्ख्या गायनमंडळाला सांगून बसलेय, रूपर्ट! चौदा बायका येणार आहेत."

"आणि भट्टीवरचे नऊ जण येणार आहेत. त्यांना मी काय सांगू?"

कोर्नेलियाने हिशेब केला. हालचाल पुन्हा टिपली तरी कॅमेऱ्यांचे आकडे साफ करून भिंतीवर चढवायला आठवडा लागायचा. उरले पाच दिवस. त्यातले दोन दिवस तिला खोली मिळवता आली.

पहिले तीन दिवस रूपर्टचे पळी करण्यात गेले. जाड भिंतीची लोखंडी नळी आणली, टोकाला वाटी वेल्डिंग करून बसवली. घरच्या काट्यावर आधी स्वतः उभा राहिला, मग पळी घेऊन. अकरा किलो भरली. त्याने कडेला एक पट्टी जोडली आणि पुन्हा काटा पाहिला. बारा, कारखान्यातल्या पळीइतकी. मग चमकू नये म्हणून वर काळा रंग दिला. वीटभट्टीवरून चिकणमाती आणून पिंपात कालवली. फार पातळ झाली, तेव्हा आणखी माती घातली. पळी टेकवल्यावर ती वरच्यावर राहिली, दाबल्यावरच आत गेली, तेव्हा तो थांबला. चौथ्या दिवशी केंद्रातल्या लोकांनी पांढऱ्या जमिनीवर प्लास्टिक अंथरलं आणि ते पिंपाकडे पाहुण्या डुकराकडे बघावं तसं बघत राहिले.

पहिल्या खेपेला पळी आत गेली, पण खाली जाईना. दुसऱ्या खेपेला गेली आणि अर्धीच भरून आली. तिसऱ्या खेपेला भरली, पण उचलताना उजवा गुडघा लचकला आणि रूपर्ट पिंपाला धरून उभा राहिला. कोणी खुर्ची आणली. तो बसला.

कोर्नेलियाने नुकतंच टिपलेलं पडद्यावर लावलं. ठिपक्यांचा माणूस थरथरत होता, वाकत होता, सावरत होता.

"हेच घेऊ या," ती हळूच म्हणाली. "यात सगळं आहे. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल."

"लोकांना रडवायला मी एकतीस वर्षं पळी मारली नाही," रूपर्ट म्हणाला. "म्हातारपणच दाखवायचं असेल तर कुठलाही म्हातारा पकडा. हे काम नव्हे. काम करताना मी असा दिसलो असतो तर संध्याकाळी मला घरी पाठवलं असतं, परत न यायला."

"मग कोण करणार?"

त्याला उत्तर माहीत होतं. घरी जाऊन, जेवून, भांडी पुसून झाल्यावर त्याने फोन उचलला.

स्टोयान बोस्नियातून आला होता. भट्टीवर अकरा वर्षं रूपर्टच्या हाताखाली होता, आता चोपन्न वर्षांचा, कारखान्यात पडद्यासमोर बसून नळीवर लक्ष ठेवणारा. त्या अकरा वर्षांत रूपर्टने त्याला एकदाही बरं म्हटलं नव्हतं.

"कोण? हाइंड्ल?" स्टोयान म्हणाला. "कोण मेलं?"

"कोणी नाही. काम आहे." रूपर्टने सगळं सांगितलं. गुडघ्याचंही सांगितलं.

"म्हणजे तुला पळी मारायला माणूस हवाय, आणि तू मला विचारतोयस. मला. मी पळीने गटारात मासे धरतोय म्हणायचास ना?"

"धरायचास. पहिल्या वर्षी."

"मग मी का?"

रूपर्टने गुडघा चोळला. "तुझा हात चांगला आहे."

"कधीपासून?"

"दुसऱ्या वर्षापासून."

"आणि हे सांगायला एवढी वर्षं लागली, म्हाताऱ्या?"

"भट्टीवर आवाज फार असायचा."

मग स्टोयान म्हणाला, "उद्या पाळी दोनला सुटते. लेबरकेसचा पाव तू आणायचास. मांसाचा काप जाड हवा, मोहरी जास्त."

तो आला, उभ्या उभ्या पाव खाल्ला, हात पुसले आणि मणी चिकटवून घेतले. पहिल्या दोन खेपा वाया गेल्या.

"खांद्याने ढकलू नकोस!" रूपर्ट खुर्चीवरून ओरडला. "कमरेतून!"

"तुझ्या कमरेसारखी का? ती बघतोय ना मी, खुर्चीत पडलेली."

तिसरी खेप बरी होती. चौथीला पळी तळापर्यंत गेली, काठोकाठ भरून वर आली, आणि प्लास्टिकवर टाच रुतल्याचा आवाज आला. पिंपाशेजारी ठेवलेल्या साच्यात माती पडली, बाहेर थेंब नाही.

"आणखी दोन," रूपर्ट म्हणाला. स्टोयानने आणखी दोन काढल्या. तो घामाने निथळत होता.

"पुरे," रूपर्ट म्हणाला. मग कोर्नेलियाकडे वळला. "पाटी बदला."

"दोघांचीही नावं लिहू या ना," कोर्नेलिया म्हणाली.

"लिहा दोघांची," स्टोयानही म्हणाला. "शिकवलं यानेच."

"वजन कोणी उचललं?" रूपर्टने विचारलं. त्याने स्टोयानकडे बोट केलं. "मग त्याचं लिहा."

घरी त्याने हेर्मिनेला सांगितलं. ती कणकेचे गोळे वळत होती. तिने चार गोळे वळून पाण्यात सोडले, मग म्हणाली, "चौदा जणींना फोन तू करायचास." त्याने केले. दोघींनी येणार नाही म्हणून कळवलं.

उद्घाटनाला भट्टीवरचे नऊ जण आले, कोट घालून. पाटी उघड्या दाराच्या आड गेली होती, ती कोणाच्या नजरेस पडली नाही. ते सरळ भिंतीसमोर जाऊन उभे राहिले. ठिपक्यांच्या माणसाने पळी घातली, दाबली, भरली, उचलली. कोणी हसलं नाही. त्यांच्यातला सर्वात म्हातारा ग्रूबम्युलर पुढे झाला, दोन खेपा डोळे बारीक करून पाहिल्या.

"अरे, हा हाइंड्ल नाही," तो म्हणाला. "हाइंड्ल ओतताना मान वाकडी करायचा. हा स्टोयान आहे."

"स्टोयानच," दुसरा म्हणाला. "ते कोपर बघ की."

"बरोबर," रूपर्ट मागून म्हणाला.

तेवढ्यात गायनमंडळातली एक बाई भिंतीसमोर उभी राहिली आणि रिकाम्या हातांनी पळी घालू लागली. रूपर्ट लंगडत तिच्याजवळ गेला.

"टाच दाबा, बाई," तो म्हणाला. "आत्ता वजन येईल."