टिटवीच्या रिंगणातला ठसा

माझं एक पातेलं आहे, काठाला पांढरं प्लास्टर चिकटलेलं. येईल ती विचारते, "हौसाबाई, हे घासत का नाही गं?" मग मला सगळं सांगावंच लागतं. आणि सांगायला मला आवडतं, खोटं कशाला बोलू!

आमचे हे, म्हणजे दौलत, ठाण्याजवळ येऊरच्या जंगलात बावीस वर्षं रोजंदारीवर राखणीला आहेत. बिबट्याच्या पावलाचा ठसा घ्यावा तर यांनीच. पाऊल दिसलं की भोवती पत्र्याचं कडं ठेवायचं, प्लास्टर कालवून ओतायचं, सुकलं की अलगद उचलायचं. त्या कालवाकालवीत माझी तीन भांडी कामातून गेली. मी दहादा सांगितलेलं या माणसाच्या डोक्यात शिरत नाही, पण मातीतलं सगळं बरोबर वाचता येतं.

गेल्या उन्हाळ्यात ओढ्याकाठी उघड्यावर टिटवीने चार अंडी घातलेली. आमच्याकडे नांगर धरणारासुद्धा टिटवीची अंडी दिसली की तेवढी जमीन सोडून देतो. यांनी तर भोवती गोट्यांचं रिंगण केलेलं. जंगलात गाड्यांना बंदी आहे. तरी एका रविवारी कुणीतरी मागच्या वाटेने जीप घातली, ओढ्यात मस्ती केली आणि गाडी थेट रिंगणावरून नेली. हे धावत पोचले तेव्हा टिटवी डोक्यावर ओरडत फिरत होती. जीप पळाली, पण नंबर यांनी बघितलेला.

गाडी माजिवड्याच्या सलिलची निघाली. शिकलेला, मोठ्या टॉवरमध्ये राहणारा. त्याने उलट यांच्यावरच तक्रार दिली. म्हणे, मी जंगलात गेलोच नाही, बाहेर रस्त्यावर होतो. या माणसाने पैसे मागितले, मी दिले नाहीत, म्हणून खोटं नाव घेतो.

पैसे मागितले! ज्याने जंगलातलं एक करवंद कधी घरी आणलं नाही, त्याने! मी तर तरातरा टॉवरवर जायला निघालेले, यांनीच धरून बसवलं. यांचे वनखात्याचे साहेब म्हणाले, चौकशी होईल, तक्रार खरी ठरली तर काम गेलं. काम गेलं असतं तर मी चार घरची धुणीभांडी केली असती हो. पण लाचखोर म्हणवून घेऊन हा माणूस जगला नसता.

चौकशीला यांच्यामागोमाग मीही गेलेले. जीपही बोलावलेली. यांनी माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवलं. उघडलं तर टायरचा ठसा! त्याच रविवारी घेतलेला. आणि मी मेली, बिबट्याचा असेल म्हणून पातेल्यावरून यांना शिव्या घातलेल्या. साहेबांनी ठसा टायरला लावून बघितला. रबराचा एक कोपरा तुटलेला, ठशातही तोच तुटलेला.

"असा ठसा रस्त्याच्या कडेलाही मिळेल," सलिल म्हणाला.

"मिळेल की, दादा," हे शांतपणे म्हणाले. "पण हे बघा."

प्लास्टरमध्ये टिटवीच्या अंड्याचं ठिपकेदार कवच रुतून बसलेलं.

सलिलने वाकून ते कवच बघितलं. मग म्हणाला, "काका, चुकलं माझं. पैशाचं मी खोटं लिहिलं." जीप तिथेच जप्त झाली. साहेबांनी उठून यांचा हात हातात घेतला, आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. टिटवीही समुद्र आटवते म्हणतात, ते मी या डोळ्यांनी बघितलं.

घरी येताना हे म्हणाले, "तुझं पातेलं खराब केलं गं. खोपटला उतरून नवं घेऊ."

"खबरदार!" मी म्हटलं. "त्या पातेल्याला कुणी घासणी लावली तर गाठ माझ्याशी आहे."