एकटीची कंपनी, नेहरू नगर

मला लोक विचारतात, "दिवसभर घरी एकटीच बसून काम करतेस, कंटाळा नाही येत?" खरं सांगू, इंदूरला ऑफिसात होते तेव्हा यायचा. तिथे एखादी गंमत घडली की ती चाळीस जणांत वाटली जायची आणि माझ्या वाट्याला चिमूटभर यायची. घरी बसल्यापासून सगळ्या गमती माझ्या एकटीच्या.

मी भोपाळला, नेहरू नगरातल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत बसून कॉम्प्युटरवरचे गेम बनवते. धडाधड गोळ्या घालायचे नव्हेत. बुद्धिबळाच्या जातकुळीतले, डोकं चालवायचे. राज्य सांभाळायचं, धान्य साठवायचं, शेजाऱ्याशी भांडायचं की तह करायचा ते ठरवायचं. चित्रं, प्रोग्रामिंग, जाहिरात, तक्रारींना उत्तरं, सगळं मीच करते. पोटही त्यावरच भरते. कधी पोळी-भाजीने, कधी नुसत्या पोळीने.

किस्से साठत गेले तसे मैत्रिणींना सांगत गेले. परवा एक किस्सा तिसऱ्यांदा सुरू केला तेव्हा एक जण म्हणाली, "मुग्धा, आता लिहून टाक. म्हणजे आम्ही सुटलो."

* * *

नोकरी सोडून घरी आले तेव्हा सगळ्यात मोठी पंचाईत बाबांची झाली. बाबा पॉलिटेक्निकमधून रिटायर झालेले. सकाळी कॉलनीच्या पार्कात फिरायला जातात आणि तिथे चार माणसं चार गोष्टी विचारतात. "मुलगी गेम बनवते" हे वाक्य काही त्यांच्या तोंडून निघेना. बरेच दिवस ते घरातल्या घरात वेगवेगळी वाक्यं म्हणून बघत होते. शेवटी एक पक्कं झालं: "मुलीची स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी आहे." त्यात खोटं काहीच नव्हतं.

पार्कात पहिले भेटले आमच्या खालच्या मजल्यावरचे तिवारीजी. त्यांनी लगेच विचारलं, "वाह. कितने लोग हैं कंपनी में?"

बाबांना थाप मारता येत नाही. म्हणाले, "फ़िलहाल तो एक."

"मतलब भर्ती होने वाली है," तिवारीजी म्हणाले.

संध्याकाळी त्यांचा भाचा कडक इस्त्रीचा शर्ट घालून, हातात फाइल घेऊन आमच्या दारात उभा. मी नेमकी भाजी आणायला गेले होते, त्यामुळे इंटरव्ह्यू आईने घेतला. त्याला बसवलं, चहा दिला, घरी कोण कोण असतं ते विचारलं आणि मग सरळ सांगून टाकलं, "बेटा, काम तो यहाँ बहुत है. पगार का ऐसा है कि अभी मालकिन को भी नहीं मिली."

मुलगा चहा पिऊन गेला. त्या दिवसापासून तिवारीजी मात्र मला 'मॅडम' म्हणायला लागले. जिथे मालकीण स्वतःच पगार घेत नाही ती कंपनी फारच मोठी असणार, असं त्यांचं मत झालं.

* * *

माझा स्वतःचा गेम तयार होईपर्यंत बाहेरची मिळतील ती कामं घ्यावी लागली. त्यातलं एक टी. टी. नगरच्या मार्केटमधल्या साडीच्या दुकानाचं. सेठजींची अडचण साधी होती. बायका साड्या बघायला बसल्या की बरोबर आलेले नवरे थोड्या वेळाने घड्याळ बघायला लागतात, मग उसासे टाकतात, आणि मग "चलो ना" सुरू होतं. "मैडम," सेठजी म्हणाले, "मेरा आधा धंधा ये 'चलो ना' खा जाता है. इन लोगों को बिठाने का कुछ कीजिए."

मी एक छोटासा गेम करून दिला. एक खिंड, मूठभर सैनिक, समोरून फौज येतेय. कोणाला कुठे उभं करायचं ते ठरवा. दुकानाच्या कोपऱ्यात टॅबलेट लावले, समोर स्टुलं ठेवली.

आठवड्याने सेठजींचा फोन. "मैडम, थोड़ा मुश्किल कर दीजिए. भाईसाहब लोग जीत के उठ जाते हैं."

मी फौज वाढवली. पुन्हा फोन. आता म्हणे नवरे उठतच नाहीत, फार छान चाललंय. एक गृहस्थ तर बायको तीन साड्यांचं बिल करून आली तरी म्हणाले, "एक और ले लो, मेरी खिड़की अभी खुली है." खिंड म्हणायचं होतं बिचाऱ्यांना.

नंतर महिनाभर काहीच फोन नाही. मला वाटलं, झालं समाधान. सहज तिकडून जात होते म्हणून डोकावले. सगळी स्टुलं भरलेली, टॅबलेटवर माना खाली घातलेल्या, आणि गादीवर एकही बाई नाही. सेठजी गल्ल्यावर हनुवटी टेकून बसले होते.

"मैडम," ते म्हणाले, "अब लेडीज़ लोग आदमी को यहाँ जमा कराती हैं, और साड़ी सामने वाले से लेती हैं."

* * *

माझ्या मोठ्या गेमचं नाव 'सात तळी'. डोंगराळ मुलूख, सात तळी, पाच सरदार. एक तुम्ही, बाकीचे चार कॉम्प्युटर चालवतो. जो शेवटपर्यंत टिकला तो जिंकला. पहिल्यांदा तो पूर्ण खेळून बघायला मी आईलाच बसवलं, कारण तिने असा गेम जन्मात खेळला नव्हता आणि मला तसंच माणूस हवं होतं.

पहिलीच चाल. मी म्हटलं, "आई, हे शेजारचं गाव आहे ना, ते आपण घेऊ शकतो."

"तिथे कोणी राहत नाही का?"

"राहतात की."

"मग आपण कशाला घ्यायचं?"

टेस्ट चालू असताना बनवणाऱ्याने बोलायचं नसतं. आईने धान्याचं कोठार बांधलं, तळ्याचा गाळ काढला आणि 'चाल संपवा' दाबलं. पुढच्या चालीला नुसतंच 'चाल संपवा'. त्याच्या पुढच्यालाही. मध्ये उठून वरणाला फोडणी देऊन आली, पुन्हा 'चाल संपवा'. तिकडे चारही सरदार एकमेकांवर तुटून पडले होते. आईकडे सैन्यच नव्हतं, त्यामुळे तिला कोणी धोक्याचं समजेना. शेवटी एकेक करून चौघेही उपाशी मेले आणि पडद्यावर झळकलं: 'तुमचा विजय झाला आहे.'

मी डोक्याला हात लावला. ज्या गेममध्ये काहीही न करता जिंकता येतं तो विकत कोण घेणार? पुढचे पंधरा दिवस मी तेवढं एकच दुरुस्त करत होते. आईला ते कळलं तेव्हा ती नाराज झाली. "चांगली चाल होती माझी. उगाच बंद केलीस."

बाबा पेपरमागून म्हणाले, "अगं, ती चाल तुझी नाही. लग्न झाल्यापासून तुझ्यासमोर मी तीच खेळतोय."

* * *

गेममध्ये आवाज लागतात. सेनापतीचे हुकूम, सैनिकांचे होकार, आणि अर्थात मरतानाचं ओरडणं. स्टुडिओ परवडत नव्हता. बाबा म्हणाले, "जोगळेकर आहे ना."

जोगळेकर काका बँकेतून रिटायर झालेले, आणि मराठी मंडळाच्या नाटकांत त्याआधीपासून कामं करणारे. आवाज असा की मंडळाच्या हॉलमध्ये माईक त्यांच्यापासून लांब ठेवायचे. मी खोलीच्या दाराला गादी लावली, खिडकीवर रजया टांगल्या, पंखा बंद केला. काका सिल्कचा झब्बा घालून आले.

हुकूम झकास झाले. मग मरायची वेळ आली.

"हा सैनिक कोण?" काकांनी विचारलं.

"काका, साधा सैनिक आहे. असे हजारभर आहेत."

"हजार असतील. मरताना प्रत्येक जण एकटाच असतो. घरी कोण आहे त्याच्या?"

मी घाईघाईने त्याला एक म्हातारी आई आणि एक गाय दिली. काकांनी डोळे मिटले आणि मरायला सुरुवात केली. आधी कण्हले, मग गायीला हाक मारली, मग आईची क्षमा मागितली. मी हळूच म्हटलं, "काका, फक्त दीड सेकंद हवं आहे."

"दीड सेकंदात मी शिंकतसुद्धा नाही," काका म्हणाले. पण मोठे कलावंत. पाणी प्यायले, दीर्घ श्वास घेतला आणि एकच किंकाळी अशी फोडली की टांगलेली रजई खाली पडली.

दाराची बेल वाजली. तिवारीजी धापा टाकत उभे होते. "शर्मा जी के यहाँ तक आवाज़ गई. सब ठीक तो है?"

बाबांनी शांतपणे सांगितलं, "कुछ नहीं, जोगलेकर साहब मर रहे हैं."

"डॉक्टर को बुलाया?"

"नहीं नहीं. अभी आठ-दस बार और मरेंगे."

सगळ्यात उत्तम मरण शेवटचं झालं. आखूड आणि खोल. फक्त त्याच्या शेपटाला स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला होता, लांबून, बारीक: "मरून झालं असेल तर पोहे खाऊन घ्या, गार होतायत." मला तेव्हा ते ऐकूच आलं नाही. शेपूट न कापता तसंच गेममध्ये गेलं.

गेम बाजारात आल्यावर पोलंडमधल्या एका खेळाडूचा मेल आला. लिहिलं होतं: 'सैनिक पडला की दुरून एका बाईचा आवाज येतो. अतिशय शांत आणि मायेचा. मी दर वेळी थांबून ऐकतो. ही तुमच्याकडची मृतांसाठीची प्रार्थना आहे का?'

मी आईला मेल वाचून दाखवला. आई कोथिंबीर निवडत होती. जरा विचार करून म्हणाली, "त्याला हो म्हणून सांग."

* * *

आता दाणी मॅडमची गोष्ट.

दाणी मॅडम आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये राहतात. राजधानी हलली तेव्हा वडील सरकारी ऑफिसबरोबर नागपूरहून इकडे आले, तेव्हापासून भोपाळच्याच. अर्ध्या कॉलनीला त्यांनी शाळेत भूगोल शिकवला, मलाही. आता रिटायर होऊन एकट्या असतात. नागपूरच्या भाच्याने व्हिडिओ कॉलसाठी कॉम्प्युटर घेऊन दिलाय, तेवढाच विरंगुळा. आमची बाल्कनी आणि त्यांची बाल्कनी समोरासमोर. मी दिसले रे दिसले की त्यांचा एकच प्रश्न: "मुग्धा, नोकरीचं काय बघितलंस?" दिवाळीच्या फराळाचं ताट घेऊन गेले तरी तेच. करंजी हातात घेऊन म्हणायच्या, "हुशार होतीस गं वर्गात."

'सात तळी' विकायला लागल्यावर जगभरातून पत्रं यायला लागली. त्यात 'ओल्डमॅप' नावाचा एक खेळाडू होता. इंग्रजीत लिहायचा, अगदी तोलूनमापून. तक्रार एकच: उत्तरेकडून मिठाचा तांडा येतो तो रस्ता सरळ डोंगरधारेवरून नेलाय, बैल तिथे चढणार नाहीत, रस्ता खिंडीतून न्या. मी उत्तर द्यायचे, पुढच्या अपडेटमध्ये नक्की. अपडेट यायचं आणि रस्ता राहून जायचा. ओल्डमॅपचा मेल पुन्हा यायचा.

मग माझ्या हातून एक अपडेट फार वाईट गेलं. महिनोन्महिने खेळून लोकांनी उभी केलेली राज्यं एका रात्रीत पुसली गेली. सकाळी उठून बघते तर शिव्यांचा पाऊस. लोक पैसे परत मागायला लागले, विक्री थांबली. त्याच आठवड्यात पुण्याच्या एका कंपनीकडून नोकरीची विचारणा आली. चांगली जागा, चांगला पगार, शुक्रवारपर्यंत कळवा. बाबांनी पलंगाखालची मोठी सूटकेस काढून पुसून ठेवली. ती बघून मला रडू आलं.

त्या दिवसांत आलेल्या मेलमध्ये एकच निराळा होता, ओल्डमॅपचा. 'माझंही राज्य गेलं. पुन्हा सुरू केलंय. रस्ता अजून चुकलेलाच आहे.'

ते वाचून मी दुरुस्तीला बसले. गुरुवारी दुपारपर्यंत बहुतेक जमलं, पण मला स्वतःवर भरवसा उरला नव्हता. मी ओल्डमॅपला विचारलं, आधी तुम्ही खेळून बघाल का? लगेच हो आलं. मी फाइल पाठवली. पाच-दहा मिनिटांनी उत्तर: 'राज्य सापडलं. सगळं जागेवर आहे. पुढे बघतोय.' इंग्रजीत बघतोय की बघतेय ते कळत नाही. मी हुश्श केलं. आणि तेवढ्यात त्याची मोबाईलवरून घाईतली एक ओळ आली: 'लाईट गेली. थांबा.'

ती वाचून मान वर केली तर माझाही पंखा बंद पडलेला. यूपीएस कुंई करत होता.

मी बाल्कनीत आले. सगळी गल्ली बाहेर आलेली. समोर दाणी मॅडम कठड्याला टेकून पेपराने वारा घेत होत्या.

"मुग्धा," त्यांनी विचारलं, "नोकरीचं काय?"

"पुण्याहून आलंय, मॅडम. उद्या कळवायचंय."

मॅडमचा पेपर थांबला. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते ऐकून त्या खूश होतील असं वाटलं होतं. त्यांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाल्या, "पुणं चांगलंच आहे."

"हो."

"पण आधी तो उत्तरेचा रस्ता खिंडीतून ने. बैल चढत नाहीत गं तिथे."

लाईट आली. मॅडम लगबगीने आत गेल्या.

मी आत आले आणि उत्तरेचा नकाशा उघडला.