लोखंडेबाईंचा प्रश्न

लोखंडेबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. समोरचा पडदा कोरा होता. कोपऱ्यात एक बारीक रेघ लुकलुकत होती, बाकी काही नाही. आम्ही सगळी पोरं खटाखट बटणं दाबत होतो आणि बाई, चाळिशी ओलांडलेल्या, पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतलेला, अशा शांत बसल्या होत्या की जणू एस.टी.ची वाट बघतायत.

मला वाटलं, नव्या आहेत, घाबरल्या असतील. मी शेजारी जाऊन म्हणालो, "बाई, तुमचा प्रोग्राम अडकलाय. बंद करा तो."

"अडकला हे तुला कसं कळलं?"

"इतका वेळ झाला, काहीच येईना."

"आणखी थोडा वेळ दिला तर येणार न्हाई कशावरून?"

मी हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांना खरोखर उत्तर हवं होतं. मी त्यांचा प्रोग्राम उघडून पाहिला, तर एका ओळीच्या शेवटी नको तिथं अर्धविराम पडला होता आणि बिचारं मशीन एकाच जागी गोल गोल फिरत होतं. मी तो काढला, उत्तर लगेच आलं. बाईंनी उत्तराकडे पाहिलंही नाही. "हे तू डोळ्यानं पाहून सांगितलंस," त्या म्हणाल्या. "मंग हेच मशीनला का सांगता येऊ नये? प्रोग्राम चालवायच्या आधीच त्यानं सांगावं, हा थांबंल, हा न्हाई थांबणार."

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. जालन्याच्या आमच्या कॉलेजात एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सचा वर्ग नुकताच सुरू झाला होता. लॅबबाहेर चपला काढायच्या, आत पाय न वाजवता चालायचं, वीज गेली की बॅटरीचा पेटारा ओरडायला लागायच्या आत काम साठवून घ्यायचं, असे ते दिवस. मी केदारखेड्याचा, शहरातल्या मस्तगड भागात खोली घेऊन राहणारा. घरच्यांना एवढंच ठाऊक की पोरगं "कॉम्प्युटरचं" शिकतंय आणि त्याला पुण्यात नोकरी लागेल. आमच्या वर्गातल्या प्रत्येकाला नोकरीच हवी होती. नोकरी आधीच असलेल्या आणि ती बाजूला ठेवून आलेल्या एकट्या लोखंडेबाई.

बाई भोकरदन तालुक्यातल्या, पिंपळगाव रेणुकाईच्या शाळेत गणित शिकवायच्या. छप्पन्न साली त्यांच्या वडलांनी धर्म बदलला तेव्हा त्या तान्ह्या होत्या. वडील मजुरी करत, पण पोरीला शाळेत घालताना त्यांनी एकच सांगितलं होतं, ते बाई नेहमी सांगायच्या: "कळल्याशिवाय मान हलवायची न्हाई. मान हलवायला बैल हायेत." पुढे बी.एस्सी. झाल्या, शिक्षिका झाल्या, पण मान काही हलली नाही. शाळेत कॉम्प्युटर येणार म्हणून गणिताच्या शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं. शिकवणारा सांगे, हे बटण दाबा, मग ते दाबा. बाईंनी विचारलं, "पण मधी काय होतं?" तो म्हणाला, त्याची तुम्हाला गरज नाही. "बस," बाई मला म्हणाल्या होत्या, "घरी आल्ते आणि यांना सांगितलं, मी बिनपगारी रजा टाकून राह्यले."

'हे' म्हणजे लोखंडे गुरुजी. तेही प्राथमिक शाळेत शिक्षक. बुटके, हसरे, कमी बोलणारे. दोन वर्षं घरची चूल त्यांनी सांभाळली. कोणी टोमणा मारला तर म्हणायचे, "भाकरी मी थापतो. तिला विचार करायला हात मोकळे लागतात."

आमचे विभागप्रमुख रत्नपारखी सर मूळचे भौतिकशास्त्राचे. कॉम्प्युटर त्यांनीही आमच्या जरा आधी, पुस्तकं वाचूनच शिकलेला. ते कधी आव आणत नसत. बाईंनी तो थांबण्याचा प्रश्न भर वर्गात विचारला तेव्हा सरांनी थोडा वेळ फळ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मला माहीत नाही, बाई. असा प्रोग्राम असायला हरकत नसावी. लिहून बघा."

बाईंनी ते आज्ञेसारखं घेतलं. त्या आमच्याकडून बिघडलेले प्रोग्राम मागायला लागल्या. "चांगले नकोत. चांगल्याचं मला काय करायचंय? तुमचे न थांबणारे द्या." आम्हीही पोरं, मुद्दाम एकाहून एक वेडेवाकडे प्रोग्राम लिहून त्यांना नेऊन द्यायचो. त्या एकेक घेऊन, पेन्सिलीनं खुणा करत, कुठं फिरतंय आणि का फिरतंय ते शोधत बसायच्या. उन्हाळ्याची सुट्टी लागली, पोरं गावाला गेली, तरी बाई सरांकडून लॅबची परवानगी घेऊन सकाळच्या गाडीनं जालन्याला यायच्या. सुट्टीनंतर मी विचारलं, झालं का? "शंभर रोगांवर औषध सापडलं," त्या म्हणाल्या, "की तुमच्यातला एखादा एकशे एकावा रोग घेऊन येतो. पण येईल हाती. चालून राह्यलंय."

पुढच्या सत्रात थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन हा विषय आला. तो शिकवायला कॉलेजात कोणी नव्हतं, म्हणून औरंगाबादहून दर शनिवारी फारुकी मॅडम यायच्या. वयानं आमच्याहून फार मोठ्या नव्हत्या. बोलायच्या मोजकं, आणि खडू हातात घेतला की फळा भरल्याशिवाय खाली ठेवायच्या नाहीत. कॉम्प्युटरला मुळात काय करता येतं आणि काय येत नाही, हा त्यांचा विषय. बाईंना तो फार आवडायचा. बाकी आम्हाला झोप यायची.

एका शनिवारी मॅडम म्हणाल्या, "आज आपण एक असा प्रोग्राम पाहू जो कोणीच लिहू शकत नाही." आणि त्यांनी फळ्यावर लिहिलं ते नेमकं बाईंचं काम होतं: कुठलाही प्रोग्राम दिला तरी तो थांबेल की नाही हे बिनचूक सांगणारा प्रोग्राम.

मी मागं वळून पाहिलं. बाई ताठ बसल्या होत्या.

"समजा, असा सांगणारा प्रोग्राम कोणीतरी बनवला," मॅडम म्हणाल्या. "आता मी एक खोडकर प्रोग्राम बनवते. तो त्या शहाण्यालाच विचारतो, माझं काय होणार? शहाणा म्हणाला 'तू थांबशील', की हा मुद्दाम फिरत राहतो. शहाणा म्हणाला 'तू थांबणार नाहीस', की हा तिथंच थांबतो. म्हणजे शहाण्यानं काहीही सांगितलं तरी ते खोटंच पडणार. जो खोटा पडतो तो बिनचूक कसा? म्हणून असा प्रोग्राम नाही. आज नाही असं नाही. बिलकुल कधीच असणार नाही."

वर्गातल्या एक-दोघांनी बाईंकडे बघून खाकरून घेतलं. तास संपला. बाई वही मिटून उठल्या आणि बाहेर पडल्या. सोमवारी त्या आल्या नाहीत. मंगळवारीही नाही. तो सगळा आठवडा त्यांचा बाक रिकामा होता. सुट्टीतली ती सगळी ये-जा, ती शेकडो पानं, घरच्यांनी ओढलेला गाडा, हे सगळं एका तासात पुसलं गेलं होतं. आम्ही ठरवून टाकलं की बाईंनी कोर्स सोडला.

रविवारी मी गावी गेलो होतो, तिथून पिंपळगावला गेलो. गुरुजी ओसरीवर मेथी निवडत होते. त्यांनी डोळ्यांनीच आत खूण केली. आतल्या खोलीत बाई फरशीवर बसल्या होत्या आणि सगळी फरशी खडूनं भरलेली. बसायलाही जागा नव्हती.

"ये विलास. तिथं पाय ठेवू नको, ते अजून पुसायचं न्हाई."

मी उंबऱ्यावरच टेकलो. "बाई, कॉलेजला का येईनात?"

"त्या मॅडमच्या बोलण्यात भोक शोधून राह्यले. एवढ्या सहज कसं कोणी म्हणतं, कधीच न्हाई म्हणून? आधी वाटलं, तो खोडकर प्रोग्रामच बनवता येत न्हाई. पण येतो. मंग वाटलं, शहाण्यानं गप्प बसावं. पण मंग तो शहाणा कसला?" त्यांनी खडू झटकला. "न्हाई सापडत भोक. पक्कं हाये."

मी म्हणालो, "तुमची सुट्टी वाया गेली, बाई."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला अपेक्षा नव्हती असा त्यांचा चेहरा होता. एखाद्या जत्रेतून आल्यासारखा. "वाया? अरे, मॅडम सांगत होत्या, हा प्रश्न एका माणसाला पडला तवा असली मशीनं जन्मली बी नव्हती. सातासमुद्रापलीकडं. आणि मला पडला पिंपळगावात. म्हणजे प्रश्न खरा होता. मी येडी न्हवते." मग म्हणाल्या, "चार दिवस लई राग आल्ता मात्र. रडले बी. हे म्हणले, रड, पण चहा गार करू नको."

बाई परत आल्या आणि त्यांनी प्रकल्पासाठी तोच विषय मागितला. आता रत्नपारखी सर पेचात पडले. प्रकल्प मंजूर झाला नाही तर बाईंची पदवी अडकणार, आणि रजा तर संपत आलेली. सरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं, "बाई, ग्रंथालयाचा प्रोग्राम करा, दवाखान्याचा करा. जे अशक्य म्हणून सिद्ध झालंय त्यावर मी सही कशी करू?"

"सगळ्यांसाठी अशक्य हाये, सर. मी सगळ्यांसाठी करतच न्हाई. पहिल्या वर्षाच्या पोरांच्या चुका पकडण्यापुरतं करते. जिथं नक्की थांबतो तिथं 'थांबेल' सांगायचं. जिथं नक्की फिरतो तिथं 'थांबणार नाही'. आणि बाकीच्या ठिकाणी सरळ कबूल करायचं, 'सांगता येत नाही'."

"'सांगता येत नाही' हे काय उत्तर झालं?"

"खरं असंल तर झालं की, सर."

सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग त्यांनी सही केली. मला वाटतं, त्या सहीला धाडस लागलं होतं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक कडक म्हणून प्रसिद्ध होते. बाईंच्या प्रकल्पाचं नाव वाचूनच त्यांच्या भुवया वर गेल्या. आम्ही दाराशी घोळका करून उभे. त्यांनी एकेक प्रोग्राम टाकून पाहिला. साधा होता त्याला उत्तर आलं 'थांबेल'. फसवा अर्धविराम टाकला, तर आलं 'थांबणार नाही'. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि स्वतः एक छोटासा प्रोग्राम लिहिला. कुठलाही आकडा घ्यायचा. सम असेल तर निम्मा करायचा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवायचा, आणि एक येईपर्यंत हेच करत राहायचं. दिसायला पाचवीच्या पोराचं गणित.

मशीननं उत्तर दिलं: 'सांगता येत नाही.'

"काय बाई," परीक्षक म्हणाले, "एवढं सोपं कळेना तुमच्या प्रोग्रामला?"

बाई पुढे वाकून तो प्रोग्राम वाचत होत्या. परीक्षा चालू आहे हे त्या विसरल्याच असाव्यात. बोटांवर आकडे मोजले, ओठ हलवले. मग म्हणाल्या, "मला बी कळेना, सर. हा कोणत्याही आकड्याला थांबतो?"

परीक्षक पहिल्यांदा हसले. "ते जगात अजून कोणालाच माहीत नाही. तुमचं मशीन 'थांबेल' म्हणालं असतं तर मी तुम्हाला नापास करणार होतो."

बाई पास झाल्या. इंग्रजीत लिहिलेला अहवाल कच्चा होता म्हणून गुण बेताचेच पडले. त्याचं त्यांना काही नव्हतं. निकालाच्या दिवशीही त्या मला विचारत होत्या, "सत्तावीस घेऊन बघितलंस का रे? लई वर जातो तो, मंग खाली येतो."

मी पुण्याला गेलो. बाई आपल्या शाळेत परतल्या. काही वर्षांनी गावी आलो असताना मी शाळेत त्यांना भेटायला गेलो. शाळेला मिळालेला कॉम्प्युटर मुख्याध्यापकांच्या खोलीत फुलाफुलांच्या कापडाखाली झाकून ठेवलेला होता, तो बाईंनी भांडून वर्गात आणला होता. बाईंचे केस पिकले होते, आवाज तसाच होता. त्यांनी पोरींना सांगितलं, हा माझ्या वर्गातला. त्याबरोबर पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. मंगल तिचं नाव.

"सर, कॉम्प्युटर सांगितलं तेवढंच करतो ना? मग पत्त्यांच्या खेळात तो दर वेळी वेगळे पत्ते कसे वाटतो? त्याला पिसायला कोण सांगतं?"

प्रश्न छान होता आणि उत्तर मला येत होतं. मी लगेच सांगून टाकलं: तो खरं पिसत नाही, आतल्या घड्याळातली वेळ घेतो, ती एका सूत्रात घालतो आणि त्यातून आकडे काढतो. मंगल "हां" म्हणून खाली बसली.

शाळा सुटल्यावर बाई मला स्टँडपर्यंत सोडायला आल्या. मग म्हणाल्या, "तू जरा जल्दी केलीस, बाबा."

"का? चुकलं काही?"

"चुकलं न्हाई. पण पोरगी महिनाभर तो प्रश्न घेऊन हिंडून राह्यली होती. रोज पडलेले पत्ते लिहून ठेवायची, परत तसेच पडतात का बघायची. मी मुद्दाम बोलले न्हवते. उत्तर काय, कोणाकडूनबी मिळतं. पण त्यानं प्रश्न मिटला ना तिचा."

समोरून भोकरदनची गाडी धूळ उडवत आली. तेवढ्यात शाळेच्या बाजूनं मंगल पळत येताना दिसली, दप्तर पाठीवर आपटत होतं. धापा टाकत ती आमच्यासमोर उभी राहिली.

"बाई, मग आपण त्याचं घड्याळ मागं केलं, कालच्या वेळेवर नेलं, तर परत कालचेच पत्ते पडतील का?"

मी तोंड उघडलं. बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

मी गाडीत चढलो. आपल्याकडे पाहुण्याची गाडी सुटेपर्यंत उभं राहून हात हलवायची रीत आहे. खिडकीशी जागा मिळाल्यावर मी बाहेर पाहिलं. ती माझी त्यांची शेवटची भेट, पुढच्याच हिवाळ्यात बाई गेल्या. पण मला निरोपाचा हात काही दिसला नाही. पाठमोऱ्या बाई पदर खोचून त्या पोरीबरोबर भराभर शाळेकडे निघाल्या होत्या, आणि चालता चालता कनवटीची वर्गाची किल्ली काढत होत्या.