कुंदाची होडी नेहमी घरी येणारी असते

सगळ्यात आधी टपकली ती खालच्या मजल्यावरची शालन. चप्पल काढता काढता म्हणते, "वर्ष झालं गं कुंदाला. कळलं पण नाही."

तिला कळलं नसेल.

माझी मैत्रीण कुंदा गेली त्याला आज वर्ष झालं.

नायगावच्या चाळीत आमच्या खोल्या लागून होत्या. चाळ पाडून टॉवर झाला, तरी चिठ्ठीत फ्लॅट शेजारशेजारचेच निघाले. त्या दिवशी दोघींनी मिळून शिरा केला. बोलण्याच्या नादात साखर दोनदा पडली.

इथे गॅलरी नाही. दार लावलं की माणूस संपला. म्हणून कुंदा रोज चारला माझी बेल वाजवायची. एकदाच, पण लांब.

मी चौथी शिकलेली. हे फोनला बोलून लिहितेय, चुकलं तर समजून घ्या.

तर शालन. कुंदाच्या वर्षाला म्हणून केलेल्या वड्यांतला एक तिने उचलला, उलटा करून बघितला. "बाहेरून मागवलेस का गं? गोल आलेत."
मी काळ्या वाटाण्याची उसळ तिला कमीच वाढली.

मग कुंदाचा मुलगा संदेश आणि त्याची बायको आले, बदलापूरहून. शेजारच्या दाराची चावी त्याच्याकडेच असते. दार उघडलं आणि आतून बंद घराचा वास आला.

शेवटी माझी नात ईशा आली. हातात मोठी फ्रेम, पेपरात गुंडाळलेली.

आता फ्रेमचं सांगते.

कुंदा शिडाच्या होड्या काढायची. मालवणकडची ती, बाप होडीवर तांडेल, म्हणजे होडी चालवणारा. कॅलेंडरचं पान उलटं करायचं आणि पेन्सिलीने काढायचं. घरात पुसायचं रबर नव्हतं, तिला लागायचंच नाही.

ईशा दादरला डिझाईनचा कोर्स करते. तिने एकदा पान खिडकीपाशी धरून फोटो काढला, टॅबवर घेतला आणि रंग भरले. कुंदाची पेन्सिल तशीच वर, रंग खाली. समुद्र एका थरात, माड एका थरात, होडी एका थरात. मला म्हणाली, "आजी, काचा एकावर एक ठेवल्यासारखं आहे बघ."

मग दोघींचं जमलंच. कुंदा बाजूला बसून सांगायची, "समुद्र एवढो निळो नसता गो. जरा मळव त्येका."
ईशा मळवायची.

मी चहा करायची आणि दोघींची बोलणी खायची, कारण मला सगळंच छान दिसायचं.

शेवटचं एक चित्र पेन्सिलीचं झालं होतं, रंग राहिला होता. तेच ईशाने पंधरा दिवस बसून पूर्ण केलं. कुंदाच्या हॉलमध्ये लावायचं म्हणून.

संदेशने खिळा ठोकला, फ्रेम लावली. सगळे म्हणाले वा. शालनने फोटो काढला, स्वतःसकट.

आणि मी जवळ जाऊन बघितलं.

उजवीकडे कोपऱ्यात दोन माड आणि कौलारू घर, कुंदाचं असायचं तसंच. माड वाऱ्याने घराकडे झुकलेले. पण होडीचं तोंड बाहेर, समुद्राकडे. शीड पण तिकडेच फुगलेलं. माड एका वाऱ्यात, शीड दुसऱ्या वाऱ्यात.

पोरीचा चेहरा एवढा फुललेला. बोलावं की नको.

"ईशा, होडी उलटी झालीय गं."

"उलटी नाही आजी, मी मुद्दाम फिरवली. होडीच्या पुढे मोकळी जागा लागते, नाहीतर चित्र कोंडल्यासारखं वाटतं."

संदेश म्हणाला, "असू दे काकी. होडी ती होडी. छान दिसतेय."

तेव्हा मला कळलं की हे आता मला एकटीलाच माहीत आहे. तिच्या पोटच्या पोराला पण नाही.

म्हणून सांगितलं. मी एकदा कुंदाला विचारलं होतं, तुझ्या होड्या सगळ्या घराकडेच का येतात, एखादी जाऊ दे की. तर म्हणाली, "बापूस जाय तेव्हा मी निजलेली असंय. येताना तेवढो बघलंय. जां बघलंयच नाय, तां कसां काढू?"

शालनने हातातला फोन खाली ठेवला.

संदेश स्टुलावर चढला आणि त्याने स्वतःच फ्रेम काढली. "आई मला कधी बोलली नाही हे."
मी म्हटलं, "तू तेव्हा कामावर असायचास रे बाबा."

ईशाने तिथेच जमिनीवर बसून टॅब उघडला. एका बोटाने होडी वळली. माड आणि शीड एका वाऱ्यात आले.
"कोंडल्यासारखं वाटतंय का गं?" मी विचारलं.
तिने टॅब लांब धरून बघितला. म्हणाली, "नाही आजी. पोचल्यासारखं वाटतंय."

माझी नात आहे ती. एवढं तरी मिरवू दे मला.

सगळे गेले. शेजारचं दार पुन्हा बंद झालं. आत भिंतीवर नुसता खिळा आहे.

कुंदा, तू गेलीस तेव्हा मी पण निजले होते. दुपारची, भिंतीच्या अलीकडे. अँब्युलन्स आली, गेली, मला पत्ता नाही. लोकांनी मागून सांगितलं. वर्षभर त्याचाच राग होता मला, माझा मलाच.

आज वाटतं, बरं झालं. तू चारला बेल वाजवून येतेस, एवढंच मी बघितलंय.

तुला माझा मनापासून नमस्कार, कुंदा.

प्रिंट नवीन काढून फ्रेम लावायला गुरुवारी परत येतो म्हणालेत सगळे. चारला.